वाळूला प्रश्न विचारणारे कार्ल टर्झागी



दरवर्षी 15 सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मुले भाषणे करतात, आणि खरे सांगायचे तर ती भाषणे आता आम्हालाही पाठ झाली आहेत. विश्वेश्वरय्यांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण या अंकात आम्ही आपल्याला दुसऱ्या एका इंजिनिअरची ओळख करून देणार आहोत. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकत होते, त्याच सुमारास दूर युरोपात या माणसाचा जन्म झाला. त्यांचे नाव कार्ल टर्झागी.

निमित्त झाले एका प्रश्नाचे. नववीच्या एका मुलाने तासाला विचारले की वाळूवर घर बांधू नये असे सगळेच म्हणतात, मग समुद्रकाठी आणि नदीकाठी एवढ्या उंच इमारती उभ्या कशा राहतात? वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण उत्तर आम्हालाही नीट येत नव्हते. शोधू लागलो तेव्हा प्रत्येक पुस्तकात हेच नाव भेटत गेले.

आधी एक शब्दाची गोष्ट सांगतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मराठी लिहिताना आम्ही अजूनही अडखळतो. पण इथे मराठीचा मोठा उपयोग झाला. भिंतीला तडा गेला की आपण म्हणतो, पाया खचला. नवीन घराची फरशी किंचित खाली गेली की म्हणतो, जमीन बसली. बसणे आणि खचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगातली प्रत्येक इमारत थोडी तरी बसतेच. ती किती बसेल, सगळीकडे सारखी बसेल की एक कोपरा जास्त बसेल, हा इंजिनिअरचा प्रश्न. टर्झागींच्या आधी या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी अनुभवी मिस्त्रीच्या अंदाजावर सोडलेले असे.

कार्ल टर्झागी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1883 रोजी प्राग शहरात झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. वडील सैन्यात अधिकारी होते, पण कार्ल लहान असतानाच ते वारले. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे मुलाला वयाच्या दहाव्या वर्षी सैनिकी वसतिगृहाच्या शाळेत धाडण्यात आले. शिस्त कडक, घर दूर. तिथे त्यांना भूगोल आणि खगोलशास्त्र यांची गोडी लागली. 1900 मध्ये ते ग्राझच्या तंत्रविद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेले.

आणि इथे पालकांनी जरा लक्ष द्यावे. सैनिकी शाळेतून सुटलेला हा मुलगा ग्राझमध्ये अगदी उनाड झाला. वर्ग चुकवणे, मित्रांबरोबर मद्यपान, तलवारीची द्वंद्वे, सगळे झाले. गोष्ट विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत गेली. फर्डिनांड विटेनबाउअर नावाचे एक प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभे राहिले म्हणून ते वाचले. विटेनबाउअर यांना या मुलात काय दिसले असेल ते असो, पण मुख्याध्यापक म्हणून आम्हाला हा प्रसंग वाचून थोडा वेळ स्वस्थ बसावे लागले. आजवर आम्ही किती मुलांच्या दाखल्यावर सही केली, ते सगळे डोळ्यांपुढे आले.

1904 मध्ये ते पदवीधर झाले. पण यंत्रांत मन रमले नव्हते. मन रमत होते डोंगर चढण्यात आणि खडक पाहण्यात. सक्तीच्या सैनिकी सेवेच्या वर्षात त्यांनी आर्चिबाल्ड गीकी या भूगर्भशास्त्रज्ञाच्या इंग्रजी पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले. पुढे बांधकामाच्या नोकरीत क्रोएशियात आणि रशियात कामे केली. धरणे, बोगदे, पाणीयोजना. या कामांवर एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत गेली. लोखंड किती भार घेईल, काँक्रीट किती घेईल, हे कागदावर मांडता येत होते. पण ज्या जमिनीवर हे सगळे उभे राहायचे तिच्याबद्दल बोलायची वेळ आली की मोठमोठे तज्ज्ञही खांदे उडवत. वरच्या इमारतीचा हिशेब पक्का आणि खालच्या मातीचा रामभरोसे!

हे कोडे सोडवायला ते 1912 मध्ये स्वखर्चाने अमेरिकेला गेले. तिथे सरकारची मोठी धरणे बांधली जात होती. विचार सरळ होता. प्रत्येक ठिकाणी जाऊन खाली कोणती माती आहे ते लिहायचे, वर काय बांधले आणि त्याचे पुढे काय झाले ते लिहायचे. अशा पुष्कळ नोंदी जमल्या की नियम आपोआप दिसेल. जवळजवळ दोन वर्षे ते हिंडले. पैसे संपत आले तेव्हा मिळेल ते काम केले. वह्या भरल्या, नियम मात्र दिसला नाही. 1913 च्या अखेरीस ते निराश होऊन परतले.

चूक कुठे होती? नावात. एक इंजिनिअर ज्या मातीला बारीक वाळू म्हणे, तिला दुसरा गाळ म्हणे. एकाची मऊ चिकणमाती ती दुसऱ्याची कडक. नावावरून मातीचे वागणे कळत नव्हते, कारण नावे मोजून दिलेली नव्हती, बघून दिलेली होती. तीस वर्षांच्या तरुणाची दोन वर्षे आणि खिशातले सगळे पैसे यात गेले. पण पुढचे सगळे काम याच अपयशातून निघाले, असे आमचे मत आहे.

मग पहिले महायुद्ध आले. टर्झागी सैन्यात गेले. 1916 मध्ये त्यांची नेमणूक तुर्कस्तानात झाली. ग्राझचे त्यांचे जुने प्राध्यापक फिलिप फोर्खहायमर इस्तंबूलच्या सरकारी अभियांत्रिकी शाळेची घडी बसवत होते, त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. 1918 मध्ये युद्ध संपले, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान दोघेही हरले, आणि टर्झागींची नोकरी गेली. ज्या साम्राज्यात जन्म झाला ते साम्राज्यच नकाशावरून पुसले गेले. बॉस्फरसच्या काठावरच्या रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेत त्यांना शिकवण्याचे काम मिळाले.

प्रयोगशाळा नव्हती, पैसे नव्हते. याच दिवसांत त्यांनी एका कागदावर मातीचे कोणकोणते गुण मोजायला हवेत आणि त्यासाठी कोणते प्रयोग करावे लागतील याची यादी लिहून काढली असे सांगतात. मग सिगारची रिकामी खोकी आणि घरात सापडतील त्या वस्तू घेऊन उपकरणे बनवली. खोक्यात वाळू भरायची, एक बाजू जराशी सरकू द्यायची आणि वाळू त्या बाजूला किती जोराने ढकलते ते मोजायचे. आपल्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचे खोके आणणाऱ्या मुलांना संकोच वाटतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

चिकणमातीचे कोडे त्यांनी इथेच सोडवले. ओल्या स्पंजवर वीट ठेवा. वीट लगेच खाली जात नाही. स्पंजातले पाणी जसजसे बाहेर जाते तसतशी ती बसते. ओल्या चिकणमातीचे छिद्र इतके बारीक की पाणी बाहेर पडायला वर्षे लागतात. सुरुवातीला भार पाणी उचलते आणि मग हळूहळू तो मातीच्या कणांवर येतो. कणांवर प्रत्यक्षात आलेला हा जो दाब, तोच मातीची ताकद ठरवतो. 1923 मध्ये त्यांनी याचे गणित मांडले आणि 1925 मध्ये मातीच्या यांत्रिकीवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. मृदा यांत्रिकी या विषयाचा आरंभ या ग्रंथापासून मानतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विख्यात संस्थेने त्यांना बोलावले. बारा वर्षांपूर्वी जिथून ते हात हलवत परतले होते, तिथेच आता ते प्राध्यापक म्हणून गेले.

आता वाळूकडे येऊ, कारण नववीतल्या त्या मुलाचा प्रश्न वाळूचाच होता.

आपल्या माळव्यात पायाखाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. वाळू आपल्याला भेटते ती नर्मदाकाठी, ओंकारेश्वर-महेश्वरला, नाहीतर ट्रकमधून. त्यामुळे वाळू म्हणजे निसटणारी, भरवशाची नसलेली गोष्ट असे आपल्या मनात बसले आहे. पण चहूबाजूंनी अडवलेली घट्ट वाळू उत्तम पाया देते. तिच्यातून पाणी झटकन निघून जाते, त्यामुळे इमारत जी काही बसायची ती बहुतांशी बांधता बांधताच बसून जाते. चिकणमातीसारखी पन्नास वर्षे रेंगाळत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. वाळू सैल असेल तर ती जास्त बसते आणि हादऱ्यांनी आणखी बसते. दुसरे म्हणजे नदीने वा समुद्राने आणून टाकलेली वाळू सगळीकडे सारखी नसते. इथे घट्ट, चार पावलांवर सैल. संपूर्ण इमारत सारखी 25 मिलिमीटर खाली गेली तर कोणाला कळणारही नाही. पण एक खांब 5 मिलिमीटर बसला आणि शेजारचा 30, तर तुळया पिळल्या जातात, भिंतींना तिरके तडे जातात, दारे चौकटीत अडकतात.

मग मोजायचे कसे? चिकणमातीचा गोळा जसाच्या तसा काढून प्रयोगशाळेत नेता येतो. वाळूचा नेता येत नाही. उचलली की ती विस्कटते आणि तिच्या घट्टपणाची खूणच नाहीशी होते. म्हणजे तपासणी जागेवरच करायला हवी. अमेरिकेत भोके पाडणाऱ्या कंपन्यांचे कामगार एक जाड नळी हातोड्याने जमिनीत ठोकून नमुने काढत असत. किती ठोके लागले यावरून जमीन कठीण की मऊ याचा अंदाज त्यांना येई. टर्झागींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामगारी अंदाजाला मापाची शिस्त लावली. 63.5 किलोचा हातोडा, सुमारे 75 सेंटिमीटर उंचीवरून सोडायचा. पहिले 15 सेंटिमीटर नळी आत जाईपर्यंतचे ठोके धरायचे नाहीत, कारण भोकाच्या तळाशी माती ढवळलेली असते. पुढचे 30 सेंटिमीटर जायला जितके ठोके लागतील ती संख्या म्हणजे एन. 1947 मध्ये टर्झागींनी एका व्याख्यानात या चाचणीला प्रमाणित प्रवेशन चाचणी असे नाव दिले. आपल्याकडचे साइटवरचे लोक तिला एसपीटी म्हणतात. एन चारपेक्षा कमी आला तर वाळू अगदी सैल, चार ते दहा सैल, दहा ते तीस मध्यम, तीस ते पन्नास घट्ट आणि पन्नासच्या वर फारच घट्ट.

नुसत्या नावांवर फसलेला माणूस पस्तीस वर्षांनी नावांना आकडे देऊन मोकळा झाला, हे आम्हाला फार आवडले.

पण आपण मधली काही वर्षे ओलांडून आलो, ती थोडक्यात सांगायला हवीत. 1929 मध्ये टर्झागी व्हिएन्नाला प्राध्यापक म्हणून गेले. रूथ डॉगेट या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञेशी त्यांचा विवाह झाला. 1936 मध्ये अमेरिकेत हार्वर्डला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. कीर्तीचा हा काळ, पण याच काळात एक फार दुःखद घटना घडली. व्हिएन्नातलेच एक प्राध्यापक पाउल फिलुंगर यांनी टर्झागींच्या सिद्धांतावर आणि त्यांच्या सचोटीवरही एक जहरी पुस्तिका छापली. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. निकाल टर्झागींच्या बाजूने जाणार हे दिसू लागले तेव्हा, मार्च 1937 मध्ये, फिलुंगर आणि त्यांच्या पत्नी यांनी स्वतःहून जगाचा निरोप घेतला. मुलांच्या अंकात हे लिहावे की नाही यावर आम्ही विचार केला. लिहिले, कारण थोरांची चरित्रे आपण फार धुऊन-पुसून देतो. फिलुंगरही मूर्ख नव्हते. मातीतल्या पाण्याच्या दाबाचा विचार त्यांनी टर्झागींच्याही आधी केला होता आणि आज जाणकार त्यांना त्याचे श्रेय देतात. गणिताचा वाद गणिताने संपला असता. तो माणसांपर्यंत गेला.

1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि टर्झागी कुटुंबासह अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये शिकवू लागले. त्याच वेळी शिकागो शहरात जमिनीखालून रेल्वे नेण्याचे काम निघाले होते. वर मोठमोठ्या इमारती, खाली मऊ चिकणमाती, आणि मधून बोगदा. टर्झागी सल्लागार झाले, पण त्यांनी अट घातली की जागेवर प्रयोगशाळा हवी आणि त्यांचा स्वतःचा माणूस रोज मोजमाप करायला हवा. तो माणूस म्हणजे राल्फ पेक नावाचा एक तरुण. पुलांचा इंजिनिअर व्हायला निघालेला हा तरुण बोगद्यात उतरला आणि जन्मभर मातीचाच झाला. जमीन किती सरकली, रस्ता किती बसला, हे आकडे तो टर्झागींना नियमित पाठवी आणि त्यावरून पुढच्या खोदाईची पद्धत बदलली जाई. आधी हिशेब, मग काम, मग मोजणी, मग हिशेबात दुरुस्ती. टर्झागींची काम करण्याची हीच रीत होती.

या दोघांनी मिळून 1948 मध्ये एक पुस्तक लिहिले. इंजिनिअरच्या रोजच्या कामात मृदा यांत्रिकी कशी वापरावी याचे. मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले गेले आणि त्यात वर्षे गेली. या पुस्तकात वाळूवरच्या पायासाठी एक छोटा आलेख आहे. एका बाजूला पायाची रुंदी, दुसऱ्या बाजूला किती भार द्यायचा, आणि मध्ये एनच्या रेषा. भोके पाडा, ठोके मोजा, आलेखात बघा. कोरड्या वाळूत एन 10 आला तर रुंद पायाला चौरस मीटरला सुमारे 10 टन, एन 30 आला तर सुमारे 30 टन. पाणी पायाच्या तळापर्यंत वर येत असेल तर हा भार निम्मा करा. जगभरच्या हजारो इमारतींचे पाये या आलेखावर घातले गेले.

आलेखामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. वाळू किती बसेल हे प्रत्येक खांबाखाली अचूक सांगता येणार नाही, हे दोघांनाही माहीत होते. म्हणून त्यांनी प्रश्नच उलटा केला. सगळ्यात मोठा पाया सगळ्यात सैल जागी पडला असे धरा, आणि तोही एक इंचाहून, म्हणजे 25 मिलिमीटरहून अधिक बसणार नाही इतकाच भार द्या. मग बाकीचे पाये त्याहून कमीच बसतील आणि दोन पायांतला फरक पाऊण इंचाच्या आतच राहील. इमारतीला तेवढे सोसते. म्हणजे अचूक उत्तर मिळत नसेल तर निदान कोणते उत्तर चुकले तरी घर उभे राहील, ते त्यांनी शोधले.

दहावीच्या मुलांसाठी त्यांच्या पुस्तकातला एक नियम देतो, वहीत करून पाहा. 30 सेंटिमीटर रुंदीची लोखंडी पाटी वाळूवर ठेवून तिच्यावर भार दिला आणि ती 5 मिलिमीटर बसली असे समजा. त्याच दाबाखाली 1.5 मीटर रुंदीचा पाया किती बसेल? रुंदीची दुप्पट करा, 3. तिला रुंदी अधिक 0.3 ने, म्हणजे 1.8 ने भागा. आलेल्या संख्येचा वर्ग करा. साधारण 2.78 येतो. त्याला 5 ने गुणा, झाले 14 मिलिमीटर. 3 मीटर रुंदीला हेच करा, साडेसोळा येतील. रुंदी दुप्पट झाली पण बसणे दुप्पट झाले नाही! रुंदी कितीही वाढवली तरी हा गुणक 4 च्या पुढे जात नाही, हे वर्गात कोण सिद्ध करून दाखवतो ते बघू.

आता प्रामाणिकपणे पुढचेही सांगायला हवे. हा नियम थोड्या मोजमापांवर उभा होता. 1963 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी पुष्कळ नोंदी तपासल्या तेव्हा सैल वाळूत हा गुणक चारच्या बराच पुढे जातो असे दिसले. उलट बाजूने, 1965 मध्ये मेयरहॉफ यांनी प्रत्यक्ष इमारतींचे बसणे तपासून दाखवले की टर्झागी-पेक यांचा आलेख गरजेपेक्षा जास्त सावध आहे, दीडपट भार दिला तरी चालेल. 1970 मध्ये श्मर्टमन यांनी, 1985 मध्ये बर्लंड आणि बर्बिज यांनी नवीन रीती दिल्या. शेवटच्या दोघांनी तर दोनशेहून अधिक नोंदींचा आधार घेतला. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने 1976 मध्ये पाया किती बसेल याच्या हिशेबाचे मानक काढले. पायांच्या दुसऱ्या एका मानकाप्रमाणे सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचा सुटा पाया वाळूवर जास्तीत जास्त 50 मिलिमीटर बसलेला चालतो.

एवढे होऊन उत्तर अचूक झाले का? 1994 मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात एक गमतीची परीक्षा झाली. वाळूवर 1 ते 3 मीटर रुंदीचे पाच पाये बांधले. मातीच्या सगळ्या चाचण्यांचे आकडे जगभरच्या तज्ज्ञांना पाठवले आणि विचारले की किती भाराला हे पाये किती बसतील ते आधी लिहून द्या. 31 जणांनी उत्तरे पाठवली. त्यांत प्राध्यापकही होते आणि व्यवसाय करणारे सल्लागारही. मग भार देऊन प्रत्यक्ष मोजले. सगळी उत्तरे खऱ्या आकड्याच्या वीस टक्क्यांच्या आत आहेत असा एकही तज्ज्ञ निघाला नाही. टर्झागी तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना नवल वाटले नसते असे आम्हाला वाटते. आपल्या विद्यार्थ्यांना ते आयुष्यभर हेच बजावत आले की सूत्रात आकडे भरण्याआधी जागेवर जा, माती हातात घ्या, आणि हिशेब चुकला तर काय होईल ते आधीच ठरवून ठेवा.

आम्ही शाळेत नेमके याच्या उलट वागतो. गणिताच्या पेपरात उत्तराखाली दोन रेषा मारल्या नाहीत तर आमचे शिक्षक गुण कापतात. सुमारे हा शब्द उत्तरात लिहायची सोयच नाही. ही तक्रार आम्ही आमच्याविरुद्धच करत आहोत, विश्वस्त मंडळींनी ती तशीच घ्यावी.

टर्झागी 1943 मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. पुढे हार्वर्डमधून निवृत्त झाले, पण काम थांबले नाही. इजिप्तच्या आस्वान धरणासाठी तज्ज्ञांचे जे मंडळ नेमले होते त्याचे ते प्रमुख होते. बांधकाम रशियन इंजिनिअरांकडे गेले, आराखड्यात बदल झाले, ते त्यांना पटले नाहीत, आणि 1959 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या धरणांपैकी एकावर आपले नाव राहिले असते, ते त्यांनी सोडले.

त्यांचे शेवटचे मोठे काम कॅनडात झाले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मिशन नावाचे धरण बांधायचे होते, आणि खाली जाड थर होता दबणाऱ्या मातीचा. जमीन बसणार हे नक्की होते. ती बसू नये म्हणून हट्ट करण्याऐवजी, बसली तरी धरण फुटू नये अशी रचना त्यांनी केली. वय सत्तरीच्या पुढे गेलेले, तरी मोजमापांचे आकडे ते बारकाईने बघत. धरण 1960 मध्ये पुरे झाले.

25 ऑक्टोबर 1963 रोजी अमेरिकेत विंचेस्टर या गावी कार्ल टर्झागी यांचे निधन झाले. दोन वर्षांनी मिशन धरणाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांची कागदपत्रे नॉर्वेत ऑस्लो येथे भू-तांत्रिक संस्थेच्या ग्रंथालयात ठेवली आहेत. सिगारच्या खोक्यांचे दिवस ज्यांनी पाहिले नाहीत असे तरुण इंजिनिअर तिथे जाऊन ती वाचतात.

नववीतल्या त्या मुलाला आम्ही जमेल तसे उत्तर दिले. त्याचा पुढचा प्रश्न होता की हे ठोके आपल्याला कुठे बघायला मिळतील. मुलांनो, नवीन पूल किंवा उंच इमारत व्हायची असेल तिथे काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मोकळ्या जागेत लोखंडी नळ्यांची तीन पायांची उंच घोडी उभी दिसते. तिच्यावरून दोरीने एक वजन वर जाते आणि धप्पकन खाली येते. शेजारी एक जण वही घेऊन बसलेला असतो. सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि त्याच्याबरोबर मोजा. पहिले 15 सेंटिमीटर सोडून, बरे का.